एंजल नाणे आणावे की तिथेच मोडावे?

प्रश्न : माझे सख्खे काका मँचेस्टरला असतात. 1985 साली घेतलेले आइल ऑफ मॅनचे एक औंसाचे सोन्याचे ‘एंजल’ नाणे ते मला देणार आहेत. मी दोन आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जाते आहे. येताना घेऊन येऊ का? त्यावरचे चित्र मध्ययुगीन आहे म्हणतात, मग पुराणवस्तूचा भाव मिळेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चित्र जुने, नाणे नव्हे. ड्रॅगनला मारणारा देवदूत मायकेल चौथ्या एडवर्डने 1465 मध्ये इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यावर आणला. पुढे राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बरी होते या समजुतीपायी रोग्याच्या गळ्यात हेच नाणे घालू लागले. आइल ऑफ मॅनने 1980 च्या दशकात तो देवदूत पुन्हा टाकसाळीत आणला. या कथेचे पैसे घेताना द्यावे लागतात; मोडताना सोनार फक्त सोने मोजतो. तुमचे नाणे 22 कॅरटचे आहे, म्हणजे वजन 33.93 ग्रॅम भरेल, पण त्यात शुद्ध सोने 31.1 ग्रॅमच. डबी आणि प्रमाणपत्रासकट ‘प्रूफ’, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेले नाणे असेल तर तिकडचा संग्राहक थोडे जास्त देईल, डोंबिवलीचा सराफ नाही.

तुम्ही स्वतः आणू नका. सोन्यावरची सवलतीची जकात किमान सहा महिने परदेशात राहून येणाऱ्यालाच मिळते. दागिन्यांची सूट नाण्याला लागू नाही. दोन आठवड्यांच्या फेरीत जबर सीमाशुल्क बसेल आणि न सांगता आणले तर जप्ती. काका मूळचे भारतीय असतील तर त्यांच्या पुढच्या फेरीत त्यांनीच आणावे, रेड चॅनलवर दाखवावे. जकात मात्र परकीय चलनात भरावी लागते.

काकांनी तिथे विकून पैसे पाठवले तरी चालेल. सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यावर तिकडे भांडवली नफ्याचा कर नाही, कारण ते ब्रिटनचे चलन. आइल ऑफ मॅन ब्रिटनचा भाग नाही, म्हणून एंजलला ती माफी धरून चालू नये. आधी तिथल्या करसल्लागाराला विचारा.

सख्ख्या काकांकडून मिळालेली भेट, नाणे असो की रक्कम, तुमच्या हाती करमुक्त आहे. साधे भेटपत्र करून ठेवा. नाणे पुढे इथे विकलेत तर काकांचा काळ धरून ते दीर्घ मुदतीचे ठरेल आणि नफ्यावर 12.5 टक्के कर लागेल. खरेदी किंमत म्हणून 1985 च्या पावतीऐवजी 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला घ्या.