अंगणातील वृक्ष कोणाचा?

वृक्ष वाढण्यास माणसाचे अर्धे आयुष्य लागते. तो पाडण्यास मात्र एक सकाळ पुरते. शिवाय, एकदा पाडलेला वृक्ष पुन्हा उभा करता येत नाही. म्हणूनच वृक्षावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी थांबावे आणि ज्यास विचारावयाचे त्यास विचारावे, अशी शिकवण महाराष्ट्रात फार पूर्वीपासून दिली गेली आहे.

शिवछत्रपतींच्या राज्यात कारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी राजनीतीवर एक ग्रंथ सिद्ध केला. तो ‘आज्ञापत्र’ या नावाने ओळखला जातो. राजाने रयतेचे पालन कसे करावे, दुर्ग कसे राखावे, आरमार कसे सिद्ध करावे, याचा उपदेश त्यात आहे. आरमारासाठी पुष्कळ आणि भक्कम लाकूड लागते. आंबा व फणस यांचे लाकूड या कामास उपयोगी पडते. तरीही रयतेच्या या झाडांस हात लावू नये, असे अमात्यांनी बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. लोकांनी ती पोटच्या मुलांप्रमाणे जोपासलेली असतात, हे त्याचे कारण होय. मग एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर? तर त्याच्या धन्याची संमती घ्यावी, त्यास योग्य मोल द्यावे आणि तो संतुष्ट झाल्यावरच झाड न्यावे; बळजबरी मुळीच करू नये, असे त्यांचे सांगणे आहे. राज्याची सत्ता हाती असतानाही एका झाडासाठी सामान्य प्रजाजनास विचारावयाचे, ही केवढी थोर दृष्टी!

त्या काळी राज्याने झाडाच्या धन्यास विचारावयाचे होते. आज नगरांतून धन्याने सर्व समाजास विचारावयाचे असते. सन १९७५ मध्ये ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ हा कायदा झाला. त्यानुसार नगरातील झाड, मग ते सार्वजनिक रस्त्यावर असो की खाजगी अंगणात असो, परवानगीवाचून तोडता येत नाही. या कामासाठी वृक्ष प्राधिकरण नावाचे मंडळ असते आणि त्याच्या वतीने वृक्ष अधिकारी काम पाहतो. नगरात किती झाडे आहेत याची गणना दर पाच वर्षांनी करावी, असेही या कायद्यात सांगितले आहे.

झाड आपले, जागाही आपली; असे असता दुसऱ्यास का विचारावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु झाडाची सावली कुंपणापाशी थांबत नाही. ती रस्त्याने जाणाऱ्या हमालावर पडते, तशीच शेजाऱ्याच्या कौलांवरही पडते. त्याची पाने हवेतील धूळ अडवितात. त्याची मुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यास साहाय्य करतात. त्याच्या फांद्यांवर पक्षी घरटी बांधतात आणि ढोलीत पोपट पिले वाढवितात. ज्याचा लाभ अनेकांस होतो, त्याविषयीचा निर्णय एकट्याने करणे न्याय्य नव्हे.

तथापि या प्रश्नास दुसरी बाजूही आहे. प्रत्येक झाड सदैव सुरक्षित असते असे नाही. पावसाळ्यात माती भिजून सैल होते, पानांचा भार वाढतो आणि वाऱ्याचा जोर असह्य झाला म्हणजे मोठमोठी झाडे उन्मळून पडतात. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांच्या वर गेला होता आणि नगरात शेकडो झाडे कोसळली. वादळ नसतानाही असे घडू शकते. सन २०१७ च्या जुलै महिन्यात मुंबईतील चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड पडले आणि त्यात तिचा अंत झाला. त्या झाडाविषयी रहिवाशांनी आधीच तक्रार केली होती. परंतु पाहणीत ते तोडण्याजोगे वाटले नव्हते, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. झाड वाचविणे हे जसे कर्तव्य आहे, तसेच माणसाचा जीव वाचविणे हेही कर्तव्य आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी कशी सांभाळावी, हा खरा अवघड प्रश्न होय.

तो कसा सुटतो, हे एका उदाहरणाने पाहू. असे समजा की, एका नगरात एक जुने बैठे घर आहे. घराच्या अंगणात दोन मोठी झाडे आहेत. फाटकाजवळ ३० वर्षांचा गुलमोहर आहे, तर परसाकडे ६० वर्षांचा आंबा आहे. आंबा घराच्या छपराकडे झुकलेला आहे. गुलमोहर सरळ उभा असून वैशाखात लाल फुलांनी भरून जातो. एका रात्री जोराचा वारा सुटला आणि आंब्याची एक फांदी मोडून कौलांवर पडली. घरातील सर्व माणसे घाबरली. सकाळी घरच्या आजोबांनी नगरपालिकेस अर्ज लिहावयास घेतला.

जवळ बसलेल्या नातीने विचारले, “आजोबा, हा आंबा तर तुमच्या वडिलांनी लावला. मग तो तोडायला दुसऱ्याला कशाला विचारायचे?”

आजोबा म्हणाले, “बाळ, लावला वडिलांनी खरा, पण त्याचे आंबे काय आपण एकट्यांनीच खाल्ले? आणि मला भीती वाटते म्हणून झाड वाईट ठरत नाही. जाणत्या माणसाने ते पाहिले पाहिजे.”

अर्जात त्यांनी घराचा पत्ता, झाडांची नावे, त्यांची अंदाजे वये, बुंध्यांचा घेर आणि झाडे तोडण्याचे कारण लिहिले. अंगणात कोणते झाड कोठे आहे, हे दाखविणारा साधा नकाशाही जोडला. अर्जात कारण स्पष्ट असावे लागते. ‘पानांचा केर पडतो’ हे कारण निराळे आणि ‘जीवितास धोका आहे’ हे कारण निराळे.

काही दिवसांनी वृक्ष अधिकारी पाहणीसाठी आले. त्यांनी प्रथम आंबा पाहिला. तो झुकलेला होता, परंतु बुंधा भरीव होता. मुळांजवळची माती कोठे फुगलेली नव्हती, की तीत भेगा पडलेल्या नव्हत्या. झाड लहानपणापासून उजेडाच्या दिशेने वाढत गेले असले म्हणजे ते असे कलते. त्याची मुळेही त्या कलास अनुरूप बळकट होतात. मग त्यांनी गुलमोहराकडे मोर्चा वळविला. त्याच्या बुंध्याभोवती पूर्वी कधी तरी सिमेंटची फरसबंदी केलेली होती. बुंध्याच्या तळाशी भूछत्रे उगवलेली होती. अधिकाऱ्यांनी लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकून पाहिले, तेव्हा पोकळ आवाज आला. मुळांच्या एका बाजूस जमिनीला बारीक चीर गेलेली होती.

घरच्या मंडळींस आश्चर्य वाटले. ज्या झाडाची भीती वाटत होती ते धडधाकट निघाले आणि ज्याच्या सौंदर्याचे कौतुक होत होते तेच आतून पोखरलेले निघाले! गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याची मुळे फार खोल न जाता वरच्या थरात पसरतात आणि त्याचे लाकूड ठिसूळ असते. त्यातच मुळांवर फरसबंदी झाली म्हणजे पाणी व हवा नीट मिळत नाही आणि झाड दुबळे होते. बाहेरून बहरलेले झाड आतून कुजलेले असू शकते, म्हणूनच केवळ डोळ्यांना दिसते त्यावरून निर्णय करू नये.

पुढे गुलमोहराच्या बुंध्यावर एक सूचनापत्र लावण्यात आले. वृत्तपत्रातही जाहीर सूचना देण्यात आली. हे झाड तोडण्याविषयी कोणाची हरकत असल्यास त्याने ती कळवावी, असा तिचा आशय होता. शेजारच्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. त्या झाडावर दरवर्षी पक्षी घरटी करतात, असे त्यांनी लिहिले. तिचाही विचार झाला. घरटी रिकामी आहेत याची खात्री करूनच झाड उतरवावे, अशी अट घालून परवानगी देण्यात आली. अर्जावर ६० दिवसांच्या आत निर्णय द्यावा आणि परवानगी मिळाल्यानंतरही १५ दिवस झाड तोडू नये, असा नियम आहे. कोणास काही सांगावयाचे असेल, तर त्यास अवधी मिळावा हा त्यामागील हेतू होय.

झाड मेलेले, रोगट अथवा धोकादायक आहे अशी अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर परवानगी नाकारू नये, असेही कायदा सांगतो. इतकेच नव्हे, तर झाड त्याच क्षणी कोसळण्याच्या बेतात असून जीवितास अथवा मालमत्तेस मोठा धोका असेल, तर धन्याने ते लगेच तोडावे आणि २४ तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्यास कळवावे, अशी सोय त्यात आहे. कायदा माणसास संकटात बांधून ठेवीत नाही. परंतु या सवलतीचा आधार घेऊन निरोगी झाड पाडणे हा अपराधच होय.

आंब्यास मात्र परवानगी मिळाली नाही. सन २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस पुरातन वृक्षाचा मान मिळाला. छपरावर आलेल्या त्याच्या सुक्या आणि जड फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवाव्या, असे ठरले. फांद्यांची छाटणी करावयाची असली, तरीही परवानगी लागतेच. कारण चुकीच्या छाटणीने झाडाचा तोल जातो आणि जखमेतून रोग शिरतो.

ठरलेल्या दिवशी कामगार आले. त्यांनी दोर बांधून गुलमोहर वरून खाली, एकेक फांदी करीत उतरविला. शेवटी बुंधा कापला, तेव्हा आतील पोकळी सर्वांच्या दृष्टीस पडली. तीत मनगट सहज शिरले असते. त्याच फाटकातून घरातील मुले रोज शाळेला जात होती! क्षणभर कोणीच काही बोलले नाही.

काम तेथे संपले नाही. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावी, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने केली आहे. म्हणजे या घराच्या वाट्यास ३० रोपे आली. अंगणात दोनच रोपांस जागा होती. बाकीची पालिकेने दाखविलेल्या मोकळ्या जागेत लावावयाची ठरली. नातीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “आजोबा, ही रोपे गुलमोहराएवढी होतील तेव्हा मी चाळीस वर्षांहून मोठी असेन.”

“म्हणून तर विचारल्यावाचून झाड तोडायचे नसते,” आजोबा म्हणाले.

आंब्याच्या मुळांजवळ मोकळी माती राहील असे आळे त्यांनी केले आणि गुलमोहराच्या जागी कडुनिंब लावला. कडुनिंब आपल्या हवेत चांगला रुजतो आणि त्याचे लाकूड टणक असते. मात्र या वेळी बुंध्याभोवती फरसबंदी करावयाची नाही, हे त्यांनी गवंड्यास आधीच सांगून ठेवले.

भय वाटले म्हणून घाईने कुऱ्हाड उचलू नये आणि प्रेम आहे म्हणून धोक्याकडे डोळेझाक करू नये. अंगणातील वृक्ष ज्याने लावला त्याचा असतो, तसाच ज्यांच्यावर त्याची सावली पडते त्यांचाही असतो. तो पडला तर ज्यांच्या अंगावर पडेल, त्यांचाही त्याविषयी बोलण्याचा हक्क असतो. या सर्वांचे म्हणणे ऐकून निर्णय करणे, हाच परवानगी मागण्याचा खरा अर्थ होय.

स्वाध्याय

१. आरमारासाठी लाकूड घेताना कोणती काळजी घ्यावी, असे रामचंद्रपंत अमात्यांनी सांगितले आहे?
२. गुलमोहर आतून कमकुवत झाला आहे, हे अधिकाऱ्यांनी कोणत्या खुणांवरून ओळखले?
३. परवानगी मिळाल्यानंतरही १५ दिवस झाड न तोडण्याचा नियम कशासाठी आहे?
४. शेजाऱ्यांची हरकत तुम्हांस योग्य वाटते काय? तुमचे मत कारणांसह लिहा.
५. तुमच्या शाळेच्या आवारातील एक झाड धोकादायक झाले आहे, असे समजून वृक्ष अधिकाऱ्यांस अर्ज लिहा.
६. वाक्यांत उपयोग करा : डोळेझाक करणे, मोर्चा वळविणे, उन्मळून पडणे.