'टी लीव्हज' : अर्थ आणि मराठी पर्याय

इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणताना त्यातील प्रतिमा ठेवावी की सोडावी, हा प्रश्न भाषांतरकाराला नेहमी पडतो. 'टी लीव्हज' हे त्याचे एक बोलके उदाहरण.

या शब्दाचा पहिला अर्थ सरळ आहे : चहाची पाने, आपली चहापत्ती. दुसरा अर्थ भविष्यकथनातून आला. इंग्लंडमध्ये चहा सतराव्या शतकात पोहोचला. किटलीत मुरलेला चहा कपात ओतताना काही पाने कपात उतरत आणि पिऊन झाल्यावर तळाशी राहत. त्यांच्या आकृत्यांवरून भविष्य सांगण्याची रीत पडली. त्यामुळे 'टु रीड द टी लीव्हज' म्हणजे पुसट खुणांवरून पुढचा अंदाज करणे. निवडणुका, व्याजदर, शेअर बाजार यांवरील लेखनात हा प्रयोग वारंवार भेटतो. तिसरा अर्थ लंडनच्या कॉक्नी बोलीतला. तेथे एकवचनी 'टी लीफ' म्हणजे चोर. 'थीफ'शी जुळणारे यमक एवढाच त्याचा आधार.

'विश्लेषक चहाची पाने वाचत आहेत' असे लिहिले, तर मराठी वाचक अडखळतो. आपण चहा उकळून गाळतो. पत्ती गाळणीत चोथा होऊन राहते, कपात नाही. जी रीतच नाही, तिची प्रतिमा कशी उमटणार? उलट 'चहाच्या पेल्यातील वादळ' मराठीत सहज रुळले. लहान पेला आणि मोठे वादळ यांतील विसंगती कळायला कोणतीही रीत ठाऊक असावी लागत नाही.

मग पर्याय कोणता? 'शितावरून भाताची परीक्षा' जवळची वाटते, पण तेथे एक शीत भाताची खात्री देते. 'कौल लावणे' यात श्रद्धा आहे. इंग्रजी प्रयोगात मात्र अनिश्चितता आहे, पुष्कळदा किंचित उपहासही. म्हणून 'बँकेच्या मोघम निवेदनावरून विश्लेषक व्याजदराचे आडाखे बांधत आहेत' हे मराठी अधिक नेमके. 'आडाखे' अंदाज सांगतो, 'मोघम' त्याचा कच्चेपणा.

कथेतील एखादी आजीबाई खरोखरच कपात डोकावून भविष्य सांगत असेल, तर पाने ठेवावीत. फक्त ती तळाशी उरली आहेत, हे वाक्यातच दिसू द्यावे. प्रतिमा प्रसंगाचा भाग असेल तर ती राखावी, बोलण्याची लकब असेल तर अर्थ राखावा.