अवधूतांचे तीन गुरू आणि आपलं मन

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या ११व्या स्कंधात यदुराजा एका अवधूताला विचारतो, की सगळं जग काम-लोभाच्या वणव्यात होरपळत असताना आपण इतके शांत कसे? उत्तरादाखल अवधूत आपले २४ गुरू सांगतात. हे अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्यांपैकी तीन गुरूंनी निवृत्तीनंतर मला सावरलं. तेवढंच इथे मांडतो.

पहिला गुरू कपोत. पिलं जाळ्यात अडकली म्हणून कबुतरी जाळ्यात शिरली आणि तिच्या शोकानं कपोतानंही आत उडी घेतली. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. लोक म्हणायचे, "रडू नका, नाम घ्या." पण कथेनं बोट ठेवलंय ते अति आसक्तीवर, डोळ्यांतल्या पाण्यावर नव्हे. जेवण टाळणं, दार लावून बसणं, लेकाचा फोन न उचलणं, हे आपलं जाळं. रडावं जरूर, पण दोन वेळा ताटावर बसावं.

दुसरा गुरू समुद्र. पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात सुकत नाही. आपलं मन मात्र उजनीच्या पाण्यासारखं. पाणी फार उतरलं, की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. नोकरीत असताना कामाचं पाणी वर असतं. निवृत्तीनंतर ते ओसरतं आणि जुना अपमान, भावाशी तुटलेलं बोलणं वर येतं. घाबरू नये. ते नव्यानं आलेलं नाही, तळाशी होतंच. आज राग कशाचा आला, भीती कशाची वाटली, हे रोज रात्री वहीत एका ओळीत लिहावं. बँकेत रोजकीर्द उघडल्याशिवाय फरक सापडत नसे, मनाचंही तसंच आहे.

तिसरा गुरू कुरर पक्षी. त्याच्याजवळच्या मांसासाठी बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्यानं तुकडा टाकला आणि सुटला. आपल्याकडं फूटभर बांधावरून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात जातात. हक्क सोडा असं मी म्हणत नाही. दावा वकिलाकडं राहू द्या, उशाशी घेऊन निजू नका, एवढंच.

आणि एक. मनातलं बोलायला लाजू नये. आपल्या बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) केवढे विद्वान! त्यांनीही 'केकावली'त देवाला आर्त हाका घातल्या. केका म्हणजे मोराचा टाहो. देवापुढं बोलावं, घरच्यांपुढंही बोलावं. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडं जावं. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. औषध घेतल्यानं भक्ती उणी होत नाही. ज्यांनी कबुतराला, पाखराला गुरू केलं, ते दत्तमहाराज डॉक्टरला का नाही म्हणतील?

येत्या दत्तजयंतीच्या पारायणाला बसताना शेजारी एक कोरी वही ठेवावी, ही विनंती.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!