केबल ट्रेमधील एकदिश वीज



माण, खटाव, जत या सातारा-सांगलीच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी ही जुनी मागणी आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा त्याच हेतूने आखला गेला आहे. अशा सौर प्रकल्पावर केबल अंथरण्यास जो तरुण प्रथमच उभा राहतो, त्याने घरच्या वायरिंगची सवय फाटकाबाहेर ठेवावी.

घरातील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणारी असते, ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, आणि म्हणून सैल जोडात पेटलेली प्रज्योत, म्हणजे हवेच्या फटीतून वाहणाऱ्या विजेची ज्वाळा, विझण्यास वारंवार संधी मिळते. पॅनेलची वीज एकदिश असल्याने ती शून्यावर येतच नाही, आणि मोठ्या प्रकल्पात एका माळेतील पॅनेलांचा एकूण दाब १,५०० व्होल्टपर्यंत जातो. फ्यूजचा भरवसाही येथे थोडा, कारण पॅनेलची दोन टोके थेट भिडली तरी वाहणारा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून किंचितच अधिक असतो. शिवाय इन्व्हर्टरचा, म्हणजे एकदिश वीज प्रत्यावर्ती करणाऱ्या यंत्राचा, खटका पाडला तरी, ऊन आहे तोवर, पॅनेलपासून त्या खटक्यापर्यंतची केबल जिवंतच राहते. म्हणून ट्रेमध्ये, म्हणजे केबल वाहणाऱ्या पत्र्याच्या पन्हळीत, केबलचे आवरण सोलले जाऊ न देणे हेच या कामातील खरे संरक्षण ठरते.

आवरण सोलते ते बहुधा ट्रेच्या कापलेल्या कडेवर. ती कानशीने घासून तिला जस्ताचा लेप द्यावा, आणि ठेकेदाराची कितीही घाई असली तरी हे काम उद्यावर टाकू नये. साधा पांढरा नायलॉनचा टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतो, मग चाळकेवाडीच्या पठारासारख्या वाऱ्याच्या जागी मोकळी केबल दिवसरात्र पत्र्यावर घासत राहते; तेथे ऊन सोसणारे टाय किंवा क्लॅम्पच हवेत. माळेची धन आणि ऋण तार शेजारी-शेजारी न्यावी, कारण त्या दूर गेल्या की त्यांच्यामधील मोकळ्या वेढ्यात वळवाच्या विजेने मोठा दाब उत्पन्न होतो. प्रत्यावर्ती केबलसाठी वेगळा ट्रे किंवा मधला पडदा असावा, ट्रेचे सर्व तुकडे अर्थिंगने जोडलेले असावेत, आणि केबलींचा गठ्ठा बांधू नये, कारण आतील केबलीची उष्णता बाहेर पडत नाही व तिची वहनक्षमता घटते.

कनेक्टरची जोडी एकाच बनावटीची असावी. दोन कंपन्यांचे तुकडे वरवर बसले तरी आतला स्पर्श सैल राहून तापतो. भार चालू असता कनेक्टर कधीही ओढू नये.

झाकण बसवण्यापूर्वी, माळ जोडलेली नसताना, प्रत्येक केबलीच्या आवरणाचा निरोध मेगर या मापकाने मोजून वहीत लिहावा, आणि पहिल्या पावसानंतर तीच मोजणी पुन्हा करावी, कारण कोरड्या आवरणात लपलेली चीर ओल लागताच आकड्यात दिसते.

— मामा