आधी मोजा, मग ठोका

वेंगुर्ल्याच्या घरी वडिलांची १९९७ची मारुती ८०० माडाखाली चार पावसाळे उभी होती. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा नवी बॅटरी लावून, ताजं पेट्रोल घालून ती सुरू केली. इंजिन लागलं, पण गिअर पडेना. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. मेस्त्रींना बोलवावं, असं आई म्हणाली. माझ्याकडे मात्र पान्यांचा सेट होता, तीन-चार व्हिडिओ पाहिलेले होते आणि हाताशी चुलतभाऊ होता. तेवढं पुरेल असं वाटलं.

सुरुवात बरी झाली. गाडी घोड्यांवर घेतली, तेल काढलं, सेल्फ, क्लच केबल, गिअरची दांडी, दोन्ही ॲक्सल सुटले. गिअरबॉक्स इंजिनला धरून ठेवणारे बोल्टही निघाले. ते सगळे एकाच डब्यात टाकले, ही पहिली चूक. ती तेव्हा कळली नाही.

गिअरबॉक्स हलेना. स्प्रे मारला, पाच मिनिटं थांबलो, हलवून पाहिलं. हातोड्याने ठोकलं. भाऊ म्हणाला, वरची बाजू थोडी सुटतेय, खालीच अडलंय. मी सांध्यात टॉमी घातली आणि अंगाचा भार टाकला. कट्ट आवाज आला. सुटला एकदाचा, म्हणून मी हसलो. वाकून पाहिलं तर गिअरबॉक्स जागच्या जागी होता आणि बेल हाउसिंगचा एक कान तुटून जमिनीवर पडला होता.

संध्याकाळी मेस्त्री आले. गाडीखाली शिरण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं, ''बोल्ट किती काढलंस रे? मोजलंस काय?'' डब्यातले मोजायला लागलो, पण मुळात किती होते तेच मला माहीत नव्हतं. त्यांनी खालच्या अंगाचं तेलमातीचं किटण खरवडलं. आत एक बोल्ट अख्खा, आवळलेला होता. मी अर्धा दिवस त्या बोल्टाशी झुंजत होतो.

तो काढल्यावरही काम संपलं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके समोरासमोर बसावेत म्हणून सांध्यात पोलादी डॉवेल असतात. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनिअमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं, की ॲल्युमिनिअम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि डॉवेल भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो. खाडीकाठच्या, समुद्राजवळच्या गाड्यांना हे दुखणं हमखास जडतं.

मेस्त्रींनी त्या रात्री फक्त तेल सोडलं, हलकेच टकटक केली आणि घरी गेले. सकाळी पुन्हा तेल सोडलं. दुपारी सगळं पुसून कोरडं केलं आणि डॉवेलभोवतीचं कवच गरम हवेच्या गनने तापवलं. ॲल्युमिनिअम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक सैल होतं. मग लाकडी पाचरी, एक या बाजूला, एक त्या बाजूला, थोडं थोडं. गिअरबॉक्स कुरकुरत बाहेर आला. तुटका कान आर्गन वेल्डिंगने जोडून घेतला. त्या खर्चात मेस्त्रींची मजुरी दोनदा निघाली असती.

हे काम घरी करणाऱ्यांना म्हणून चार गोष्टी सांगतो.

पाना हातात घेण्याआधी सांधा घासून साफ करा आणि बोल्ट मोजा. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचा. बोल्टांची लांबी सारखी नसते. रिकामी जागा दिसली की काय राहिलं तेही कळतं.

अडलं तर फट पाहा. कुठेच फट पडत नसेल तर डॉवेल धरले आहेत किंवा बोल्ट राहिलेत. एका बाजूला फट पडते आणि दुसरीकडे नाही, तर जिथे पडत नाही तिथे शोधा. आमच्याकडे तेच होतं आणि भावाने सांगूनही मी ऐकलं नाही. सगळीकडून सारखी बोटभर फट पडून थांबलं, तर क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांत गंजली असण्याचा संभव जास्त.

सांध्यात पोलाद घालू नका. ओरखडा पडला की तो सांधा पुन्हा नीट बसत नाही. ज्योत तर नकोच. ॲल्युमिनिअम लाल न होताच वितळतं, शिवाय आजूबाजूला पेट्रोल, तेल आणि रबर असतं. गरम हवा वापरायची तरी आधी स्प्रे पुसा, बॅटरी सोडवा.

वजन सांभाळा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. इंजिनला खालून फळी लावून आधार द्या. अर्धवट निघालेला गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळत ठेवलात तर क्लच प्लेट वाकते. आणि तो सुटतो तेव्हा सांगून सुटत नाही. खाली तुमची छाती नको, जॅक हवा.

बसवतानाही हेच. डॉवेल घासून त्यांना पातळ ग्रीस लावा. दोन्ही भाग हातानेच एकमेकांना टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर बोल्ट आवळून ओढायचे नाहीत. तसे ओढूनही कान तुटतात.

आणि संध्याकाळ झाली, घाम आलाय, ''आता एकच दणका'' असं वाटायला लागलं, की तेल सोडा, पाने आवरा आणि जेवायला जा. रात्रभर काम तेलाला करू द्या.