मुंबईच्या जुन्या डिरेक्टऱ्या : संकलन, कालनिश्चिती आणि वाङ्मयेतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथ, नियतकालिके, चरित्रे व पत्रव्यवहार या साधनांचा आधार घेतला जातो. त्याच काळात मुंबईत इंग्रजीतून निघणाऱ्या वार्षिक डिरेक्टऱ्यांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वर्षाची दिनदर्शिका, सरकारी अधिकाऱ्यांच्या याद्या, पेढ्या, संस्था, रहिवाशांची नावे व पत्ते आणि शेवटी जाहिराती, असे या ग्रंथांचे सामान्य स्वरूप असे. त्यांना वाङ्मयीन मूल्य नाही, हे उघड आहे. परंतु विशिष्ट वर्षी कोण कोणत्या जागेवर होता, हे सांगणारा समकालीन पुरावा त्यांत मिळतो. म्हणून त्यांचे संकलन ही केवळ दुर्मीळ पुस्तकांची हौस ठरत नाही.

या ग्रंथांच्या दुर्मीळतेचे कारण त्यांच्या उपयोगातच आहे. नवी डिरेक्टरी आली की जुनी निरुपयोगी ठरे आणि रद्दीत जाई. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) ग्रंथ म्हणून जपले गेले आणि पुढे पुनर्मुद्रितही झाले. त्याच काळच्या डिरेक्टरीला तो मान कोण देणार? ग्रंथालयांतही ‘नमुन्यादाखल एखादा खंड पुरे’ अशी समजूत आढळते. ही समजूत घातक आहे. डिरेक्टरीचे खरे मूल्य एका खंडात नसून सलग मालिकेत असते. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईत कापसाचा पैसा आला, अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि १८६५ मध्ये कोसळल्या. शहराची लोकसंख्या १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. या उलथापालथीत कोणती पेढी टिकली व कोणती नाहीशी झाली, हे लागोपाठचे खंड शेजारी ठेवल्याखेरीज दिसत नाही.

संग्राहकापुढील पहिली अडचण कालनिश्चितीची असते. मुखपृष्ठ फाटलेली प्रत हाती आल्यास अंतर्गत पुराव्यावर विसंबावे लागते. विद्यापीठाच्या फेलोंची यादी असेल तर प्रत १८५७ नंतरची. सुप्रीम कोर्टाचे नाव असेल तर तिच्यातील माहिती ऑगस्ट १८६२ मध्ये हायकोर्ट सुरू होण्यापूर्वीची. गव्हर्नर म्हणून बार्टल फ्रियर यांचे नाव असल्यास १८६२ ते १८६७ ही मर्यादा ठरते. एकच म्युनिसिपल कमिशनर दिसल्यास ती १८६५ पर्यंत पुढे सरकते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे पत्राचे नावच १८६१ पासूनचे असल्याने त्या नावाची डिरेक्टरी त्याआधीची असू शकत नाही. अर्थात वर्षारंभी निघणाऱ्या खंडातील माहिती आदल्या वर्षी जमविलेली असणार. तेव्हा मुद्रित वर्ष आणि माहितीचे वर्ष यांत फरक करणे आवश्यक आहे.

दुसरी अडचण नावांची. रोमन लिप्यंतराला तेव्हा स्थिर नियम नव्हता, आणि एतद्देशीयांची नोंद पुष्कळदा आडनावाविना होई. गोपाळ हरी देशमुखांची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये प्रसिद्ध झाली, पण डिरेक्टरीत ‘लोकहितवादी’ शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. तेथे शोधावयाचा तो ‘गोपाळ हरी’ हा सरकारी नोकर. लेखक डिरेक्टरीत येतो तो हुद्द्याच्या आधारे, लेखनाच्या नव्हे. ज्याला हुद्दा नाही, पेढी नाही, तो बहुधा तिच्या कक्षेबाहेरच राहतो. त्यामुळे एखादे नाव न आढळल्यास ती व्यक्ती मुंबईत नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. इंग्रजी राज्यकर्त्यांच्या व व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी रचलेल्या यादीचे मौन हा वस्तुस्थितीचा पुरावा नव्हे. ते मौन भरून काढण्यासाठी मराठी ग्रंथांची मुखपृष्ठे, त्यांवरील छापखान्यांची नावे आणि माडगावकरांसारख्यांची वर्णने यांच्याशी नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

प्रत तपासताना जाहिरातींची पाने, नकाशे व पुरवण्या शाबूत आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. पुनर्बांधणीच्या वेळी जाहिराती ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकल्या जातात. वस्तुतः छापखाने, पुस्तकविक्रेते व कागदाचे व्यापारी यांचा माग तेथेच लागण्याचा संभव अधिक. जुन्या मालकांचे शिक्के आणि समासातील हस्तलिखित दुरुस्त्याही जपाव्यात; पत्ता खोडून कोणी नवा लिहिला असेल, तर तीही एक नोंदच होय.

एकाच संस्थेला संपूर्ण मालिका मिळविणे अवघड आहे. निरनिराळ्या ग्रंथालयांतील खंडांची संयुक्त सूची, तीही प्रत्येक प्रतीच्या उणिवांसह, तयार होणे हे म्हणून पहिले काम ठरते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पेलेल असे हे काम आहे आणि ते लांबणीवर टाकण्याजोगे नाही. कारण जो खंड आज रद्दीत जातो, त्याच्याबरोबर मालिकेतील एक वर्ष कायमचे जाण्याचा धोका असतो.