हबला धरलेली ब्रेक डिस्क

चाकाचे नट आणि कॅलिपर निघाल्यावर ब्रेकच्या डिस्कला धरून ठेवणारे खरे तर फारसे काही उरत नाही. तरीही ती हलत नाही, याला कारण गंज. हबच्या मधल्या उंचवट्याभोवती डिस्कची बारीक फट असते. तीत पाणी मुरते, आणि लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापत असल्याने फटीत पाचर मारल्यागत होते. पॅड घासतात ती बाजू चार ब्रेक दाबताच लख्ख होते. हबकडची बाजू मात्र वर्षानुवर्षे कुजत राहते. बाहेरून काही कळत नाही.

महाड-पोलादपूरकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हे दुखणे इथे नेहमीचेच. 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या हबात तर पाण्यासोबत गाळही शिरला. प्रस्तुत लेखकाची गाडी त्यांतलीच. पुढे पॅड आणि डिस्क घरीच बदलायला घेतल्यावर डिस्क निघेना, म्हणून तासभर हातोडा चालला. शेवटी गंज खरवडल्यावर खाली चपट्या डोक्याचा एक छोटा स्क्रू सापडला. तो काढताच डिस्क दोन ठोक्यांत सुटली. पण महिन्याभरात त्या चाकाचे बेअरिंग घुमू लागले. वाचवलेल्या मजुरीपेक्षा बेअरिंगचा खर्च मोठा निघाला.

म्हणून पहिले काम हातोड्याचे नाही, तारेच्या ब्रशचे. डिस्कचा दर्शनी भाग घासला की असा स्क्रू आहे का ते दिसते. सगळ्याच गाड्यांना तो नसतो. कॅलिपर काढला तरी त्याची चौकट दोन बोल्टांवर मागे राहते आणि डिस्कला अडवते, तीही काढावी. सुटलेला कॅलिपर तारेने टांगावा, होजवर लोंबू देऊ नये. गाडी नुसत्या जॅकवर नको, घोडीवर हवी. ठोके बसले की जॅक सरकतो.

पुष्कळ डिस्कना आट्यांची दोन छिद्रे असतात, बहुधा 8 मिलिमीटरच्या बोल्टची. त्यांत बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळत नेले की डिस्क स्वतःच हबपासून सुटू लागते. एकच बोल्ट आवळत गेल्यास ती तिरकी होऊन आणखी घट्ट बसते. छिद्रे नसतील तर मधल्या फटीत गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे. मग स्टडांच्या मधल्या भागावर ठोकावे, दर दोन ठोक्यांनी डिस्क फिरवत. डिस्क पुन्हा वापरायची असेल तर घासणारी बाजू हातोड्याला दाखवूच नये. ज्योतीने तापवणे घरच्या कामात टाळलेलेच बरे: बेअरिंगचे सील आणि ग्रीस जळते, आणि नुकतेच टाकलेले तेलही पेट घेते.

मागच्या ड्रमची गोष्ट निराळी. तो बऱ्याचदा गंजाने नव्हे, आतल्या झिजेने अडतो. लायनरने ड्रममध्ये खाच पाडलेली असते आणि तिच्या कडेत शू अडकतात. हँडब्रेक सोडून अ‍ॅडजस्टर मागे घेतला की ड्रम हाताने निघतो. न घेता ओढला तर शूच्या पिना उपटून येतात.

नवी डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा चकचकीत घासायला हवा. तिथे राहिलेला गंजाचा एक कण डिस्क तिरकी बसवतो आणि ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरते. नट आवळताना समोरासमोरचे आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्यावे, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो. नव्या पॅडांची पहिली परीक्षा कशेडी किंवा आंबेनळी घाटाच्या उतारावर घेऊ नये. ते आधी सपाट रस्त्यावर, मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावत रुळवावेत. 50-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.